नवी मुंबईचा इतिहास

नवी मुंबईचा इतिहास हा महाराष्ट्रातील ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांमध्ये, ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेल्या नियोजित शहराचा आणि त्या शहरापूर्वीच्या आगरी-कोळी गावांचा इतिहास आहे. शहर म्हणून नवी मुंबईचा आरंभ १९७० मध्ये महाराष्ट्र शासनाने सिडको या महामंडळाची स्थापना केल्यापासून मानला जातो. मात्र ज्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्यांतील वस्ती, शेती, मिठागरे, मासेमारी आणि बंदरे बरीच जुनी आहेत. खोतांकडून कुळांकडे, कुळांकडून शासनाकडे आणि शासनाकडून भूखंडांच्या रूपाने नव्या रहिवाशांकडे झालेला जमिनीचा प्रवास हा या प्रदेशाच्या आधुनिक इतिहासाचा मुख्य धागा आहे.

नाव आणि व्याप्ती

प्रकल्पाच्या आरंभी या शहराला 'न्यू बॉम्बे' किंवा 'नवी मुंबई' असे म्हटले जात असे. पुढे 'नवी मुंबई' हेच नाव रूढ व अधिकृत झाले. हे नाव दोन वेगळ्या अर्थांनी वापरले जाते. पहिला अर्थ सिडकोच्या अधिसूचित क्षेत्राचा आहे. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात तत्कालीन ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावे येतात. दुसरा अर्थ नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीचा असून ती ठाणे जिल्ह्यात, प्रामुख्याने दिघा ते बेलापूर या पट्ट्यात आहे. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल ही सिडकोने वसवलेली उपनगरे पनवेल महानगरपालिकेत समाविष्ट आहेत. उलवे आणि द्रोणागिरी ही उपनगरे रायगड जिल्ह्यात असून कोणत्याही महानगरपालिकेत नाहीत.

भूप्रदेश व मूळ रहिवासी

पूर्वेस पारसिक डोंगररांग, पश्चिमेस ठाणे खाडी आणि दक्षिणेस पनवेलची खाडी यांच्यामध्ये हा चिंचोळा सखल प्रदेश पसरला आहे. त्याचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा तिच्याखाली असल्याने येथील शेती निसर्गतः मिळालेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या श्रम करून घडवावी लागली. खाजणात मातीचे बांध घालून समुद्राचे पाणी अडवले जाई आणि बांधातील उघाड्यांमधून पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडले जाई. अशा खारजमिनीत भाताचे एक पीक घेतले जात असे. बांध फुटल्यास खारे पाणी शिरून जमीन नापीक होई. त्यामुळे बांधांची राखण हे एका शेतकऱ्याचे काम नव्हते, तर ती संपूर्ण गावाची सामायिक जबाबदारी होती.

येथील प्रमुख स्थानिक समाज आगरी आणि कोळी हे आहेत. 'आगरी' हे नाव 'आगर' या शब्दाशी जोडले जाते. मिठागरे पिकवणे आणि भातशेती करणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय होय. कोळी समाज खाडीतील व किनाऱ्यावरील मासेमारीवर जगत असे. दिवाळे, सारसोळे, करावे, जुहूगाव अशा गावांतील कोळीवाडे आजही अस्तित्वात आहेत. पनवेल व उरण भागात कराडी समाजाची वस्ती आहे, तर डोंगराळ भागात कातकरी आणि ठाकर या आदिवासी जमाती राहतात. गावदेवीची जत्रा, होळी आणि नारळी पौर्णिमा हे या गावांचे प्रमुख सण असून आगरी बोली ही मराठीची येथील स्थानिक बोली आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ

या प्रदेशाचा प्राचीन इतिहास उत्तर कोकणाच्या इतिहासाशी निगडित आहे. मुंबई बंदरातील घारापुरी बेटावरील शैव लेणी साधारणपणे इ.स.च्या सहाव्या शतकातील मानली जातात. हे बेट प्रशासकीयदृष्ट्या उरण तालुक्यात येते. नवव्या शतकाच्या सुमारास उत्तर कोकणात शिलाहार घराण्याची सत्ता स्थिर झाली. ठाणे, म्हणजे तत्कालीन श्रीस्थानक, हे त्यांच्या राज्यातील महत्त्वाचे केंद्र होते. उरणजवळील चांजे आणि रानवड येथे शिलाहार राजवटीतील शिलालेख मिळाले असून त्यांवरून या किनाऱ्यावरील वस्तीची व जमीन-दानांच्या परंपरेची प्राचीनता लक्षात येते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीच्या यादवांनी शिलाहारांचा पराभव केला. पुढे उत्तर कोकणाचा किनारा गुजरातच्या सुलतानांच्या ताब्यात गेला.

पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज

१५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्याशी संलग्न प्रदेश पोर्तुगिजांना दिला. त्यानंतरच्या दोन शतकांत ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर पोर्तुगीज, जंजिऱ्याचे सिद्दी, मोगल आणि मराठे यांच्यात सत्तास्पर्धा चालू राहिली. खाडीच्या मुखाजवळील बेलापूरचा किल्ला हा या स्पर्धेचा साक्षीदार आहे. बेलापूर परिसराचे जुने नाव शहाबाज असे होते. ते आजही तेथील गावाच्या नावात टिकून आहे.

पनवेलच्या दक्षिणेकडील कर्नाळा किल्ला शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये जिंकला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली झालेल्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी व वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आणली. १७८२ च्या सालबाईच्या तहानुसार साष्टी, घारापुरी आणि करंजा, म्हणजेच उरण, ही बेटे इंग्रजांकडे गेली. पनवेल व बेलापूर मात्र पेशव्यांकडेच राहिले आणि १८१७-१८ च्या युद्धात ते इंग्रजांच्या ताब्यात आले.

इंग्रजी अमलात पनवेल हे मुंबई व देश यांना जोडणारे बंदर आणि बाजारपेठ म्हणून भरभराटीस आले. घाटावरून आलेला माल येथून गलबतांनी मुंबईस जात असे. पनवेल नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली. ती महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक होती. उरण परिसर मिठागरांसाठी आणि मद्यनिर्मितीच्या भट्ट्यांसाठी ओळखला जाई. सशस्त्र क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ मध्ये पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे झाला.

जमिनीची मालकी आणि शेतकरी चळवळी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलाबा जिल्ह्यातील बहुतेक आगरी शेतकरी स्वतः कसत असलेल्या जमिनीचे मालक नव्हते. खोत आणि सावकार यांना पिकाचा मोठा हिस्सा खंड म्हणून द्यावा लागत असे. बांधबंदिस्तीचा बोजाही प्रत्यक्षात कुळांवरच पडे. या परिस्थितीतून या भागात संघटित लढ्यांची परंपरा निर्माण झाली.

सविनय कायदेभंगाच्या काळात २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात तेथे आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले. दरवर्षी या दिवशी चिरनेर येथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्यास नकार देऊन संप पुकारला. सुमारे सहा वर्षे चाललेल्या या संपाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला. त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्यासाठी विधेयकही मांडले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि त्यानंतरचा खोती निर्मूलनाचा कायदा यांमुळे परिस्थिती पालटली. सुधारित कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून पात्र कुळे कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली. ठाणे-कुलाबा पट्ट्यातील अनेक कुटुंबांच्या नावावर याच काळात प्रथम जमीन चढली. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर उभ्या राहिलेल्या शेतकरी कामगार पक्षाचा पनवेल, उरण व अलिबाग हा बालेकिल्ला बनला. मालकी मिळून जेमतेम तेरा वर्षे होत असतानाच नव्या शहरासाठी याच जमिनींचे संपादन सुरू झाले. पुढील आंदोलनांची तीव्रता समजून घेण्यासाठी हा कालक्रम महत्त्वाचा ठरतो.

मुंबईचा विस्तार आणि जुळ्या शहराची कल्पना

मुंबई हे दक्षिणोत्तर पसरलेले चिंचोळे बेट असून कार्यालये दक्षिण टोकाला एकवटल्यामुळे स्वातंत्र्यानंतर तेथे लोकसंख्या, वाहतूक आणि घरांचा प्रश्न बिकट झाला. १९५८ मध्ये शासनाने स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. या गटाने ठाणे खाडीवर पूल बांधून मुख्य भूमीवर विकास करावा, अशी शिफारस केली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे-बेलापूर मार्गालगत मोठा औद्योगिक पट्टा आकारास आला. रासायनिक व औषधनिर्मिती कारखाने येथे मोठ्या प्रमाणावर आले. अशा रीतीने शहराच्या आधीच उद्योगांसाठी येथील गावांच्या जमिनी जाण्यास सुरुवात झाली होती.

१९६५ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात एक पर्यायी आराखडा मांडला. मुंबईची वाढ उत्तरेकडे लांबवत नेण्याऐवजी खाडीपलीकडे नवे केंद्र निर्माण करावे आणि शासकीय कार्यालयांनी तेथे प्रथम स्थलांतर करावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच वर्षी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक नियोजनाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींनंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा झाला आणि मुंबई महानगर प्रदेशासाठी नियोजन मंडळ स्थापन करण्यात आले. या मंडळाच्या प्रारूप प्रादेशिक आराखड्यात खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची शिफारस करण्यात आली.

सिडकोची स्थापना आणि भूसंपादन

१७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, ही कंपनी सिकॉम या राज्य शासनाच्या महामंडळाची उपकंपनी म्हणून स्थापन झाली. मार्च १९७१ मध्ये तिला नवीन शहर विकास प्राधिकरणाचा दर्जा देण्यात आला. कोरिया हे आरंभीच्या काळात सिडकोचे प्रमुख वास्तुविशारद होते, तर पटेल यांच्याकडे नियोजन व बांधकामाची जबाबदारी होती.

आरंभी ८६ गावांतील १५,९५४ हेक्टर जमिनीसाठी अधिसूचना काढण्यात आली. ऑगस्ट १९७३ मध्ये आणखी ९ गावांतील २,८७० हेक्टर क्षेत्र त्यात समाविष्ट झाले. अधिसूचित क्षेत्रातील सर्व खासगी जमीन शासनाने संपादन करून सिडकोकडे सोपवावी, असे धोरण ठरले. शहराची आर्थिक रचना याच धोरणावर आधारलेली होती. शेतजमीन मिळवायची, रस्ते, पाणी व मलनिःसारण यांची सोय करून तिचे भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे आणि त्यातून आलेल्या पैशातून पुढील विकास करायचा, असे तिचे स्वरूप होते. जमिनीच्या वाढीव किमतीचा लाभ सट्टेबाजांऐवजी शहराला मिळावा, हा नियोजनकारांचा हेतू होता. ज्यांची जमीन घेतली गेली त्यांना मात्र या वाढीव किमतीत आरंभी कोणताही वाटा नव्हता.

संपादन १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये झाले. या कायद्यात मोबदला प्राथमिक अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने ठरत असे. निवाडे मात्र अनेक वर्षांनी होत. त्यामुळे भोवती शहर उभे राहून भाव वाढले तरी शेतकऱ्याचा मोबदला जुन्या दरालाच बांधलेला राहिला. शिवाय मोबदला प्रामुख्याने मालकी हक्काशी जोडलेला असल्यामुळे शेतमजूर, मिठागरांतील कामगार आणि खाडीवर अवलंबून असलेले मच्छीमार यांच्या बुडालेल्या उपजीविकेची पुरेशी दखल घेतली गेली नाही. गावठाणांतील घरे संपादनातून वगळण्यात आली. परिणामी गावे जागेवर राहिली, परंतु त्यांच्याभोवतीची शेती गेली.

शहराचे नियोजन

सिडकोने ऑक्टोबर १९७३ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. त्याला शासनाने १९७९ मध्ये मंजुरी दिली. सुमारे २० लाख लोकसंख्या गृहीत धरलेल्या या आराखड्यात एकाच मध्यवर्ती केंद्राऐवजी रेल्वेमार्गावर ओवलेल्या अनेक स्वयंपूर्ण उपनगरांची कल्पना होती. या उपनगरांना 'नोड' म्हटले जाते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल, उलवे आणि द्रोणागिरी ही त्यांपैकी प्रमुख होत. प्रत्येक नोडमध्ये विभागनिहाय, म्हणजे 'सेक्टर'निहाय, घरे, शाळा, बाजार व मैदाने यांची योजना करण्यात आली.

सखल जमिनीतील पाण्याच्या निचऱ्यासाठी धारण तलावांची पद्धत स्वीकारण्यात आली. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी तलावात साठवायचे आणि ओहोटीला झडपांमधून खाडीत सोडायचे, हे तिचे तत्त्व आहे. स्थानिक शेतकऱ्यांचे बांध आणि उघाड्या याच तत्त्वावर चालत असत.

वाशी हे पहिले विकसित झालेले उपनगर होय. ठाणे खाडीवरील पहिला वाशी पूल १९७३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तरीही पहिली दोन दशके शहराची वाढ अपेक्षेपेक्षा मंद राहिली. मंत्रालय व महत्त्वाची शासकीय कार्यालये खाडीपलीकडे नेण्याची मूळ कल्पना प्रत्यक्षात आली नाही. त्याच काळात दक्षिण मुंबईत भराव टाकलेल्या नरिमन पॉइंट येथे कार्यालयांच्या इमारती उभ्या राहत होत्या. बेलापूर येथे कोकण भवनासारखी काही विभागीय कार्यालये आली, परंतु राज्यकारभाराचे केंद्र मुंबईतच राहिले.

१९८४ चे शेतकरी आंदोलन

भूसंपादनाला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांचे नेतृत्व प्रामुख्याने शेतकरी कामगार पक्षाचे नेते दिनकर बाळू पाटील (१९२६–२०१३) यांच्याकडे आले. उरण तालुक्यातील जासई येथे जन्मलेले पाटील 'दि. बा.' या नावाने ओळखले जात. ते पनवेलचे आमदार, विधानसभेतील विरोधी पक्षनेते आणि कुलाबा मतदारसंघाचे खासदार होते. जमिनीला वाजवी भाव मिळावा आणि विकसित जमिनीत शेतकऱ्याला वाटा मिळावा, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या.

न्हावा-शेवा येथे नव्या बंदराच्या उभारणीची तयारी सुरू झाल्यावर हा संघर्ष टोकाला पोहोचला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात भूसंपादनाविरोधात जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच आंदोलक मृत्युमुखी पडले आणि अनेक जण जखमी झाले. त्या वेळी वसंतदादा पाटील हे राज्याचे मुख्यमंत्री होते. मृतांना स्थानिक समाज 'हुतात्मे' मानतो आणि दरवर्षी जानेवारीत त्यांचा स्मृतिदिन पाळला जातो.

याच वर्षी संसदेने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून दिलासा रकमेचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेले आणि अधिसूचनेपासूनच्या कालावधीसाठी बाजारमूल्यावर वार्षिक १२ टक्के अतिरिक्त रकमेची तरतूद केली. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. त्यासाठी जुन्या शेवा गावाचे स्थलांतर करावे लागले. पुढे हे बंदर देशातील कंटेनर वाहतुकीचे एक प्रमुख केंद्र बनले.

साडेबारा टक्के योजना

आंदोलनाचे सर्वांत महत्त्वाचे फलित म्हणजे साडेबारा टक्के योजना होय. राज्य शासनाने १९९० मध्ये सिडको क्षेत्रासाठी हा निर्णय घेतला. संपादित जमिनीच्या १२.५ टक्के इतकी विकसित जमीन मूळ खातेदाराला परत द्यावी, असे तिचे सूत्र आहे. सार्वजनिक सुविधांसाठीची वजावट धरता प्रत्यक्षात ८.७५ टक्के क्षेत्राचा भूखंड खातेदाराच्या हाती येतो. त्याचा काही भाग वाणिज्य वापरासाठी योजता येतो.

केवळ रोख मोबदल्याऐवजी शहराच्या वाढत्या मूल्यात शेतकऱ्याला भागीदार करणारी ही योजना पुनर्वसनाच्या धोरणात महत्त्वाचा टप्पा मानली जाते. मात्र तिच्या अंमलबजावणीबाबत मतभेद राहिले. वारसांची संख्या वाढल्याने भूखंडांचे हक्क विभागले गेले, वाटपास विलंब झाला आणि बांधकामासाठी भांडवल नसल्याने अनेक कुटुंबांनी हक्क विकासकांना विकले. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांना तिचा लाभ मिळाला नाही.

शहराची वाढ

१९९० च्या दशकात शहराच्या वाढीला वेग आला. त्यामागे दोन मुख्य कारणे होती. पहिले म्हणजे मुंबईतील घाऊक बाजारांचे स्थलांतर. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य यांचे बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे परिसरात आले. त्यांच्याबरोबर व्यापारी, वाहतूकदार आणि माथाडी कामगारही आले. घणसोली व कोपरखैरणे येथे माथाडी कामगारांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. पोलादाचा बाजार कळंबोली येथे वसवण्यात आला.

दुसरे कारण म्हणजे रेल्वे. मानखुर्द-वाशी उपनगरी मार्ग मे १९९२ मध्ये सुरू झाला. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा सिडकोने उचलला होता. पुढे हा मार्ग बेलापूरपर्यंत व १९९८ मध्ये पनवेलपर्यंत पोहोचला. ठाणे-वाशी मार्ग २००४ मध्ये सुरू झाला. खाडीवरील दुसरा रस्ता-पूल १९९७ मध्ये खुला झाला. रोजगाराचे स्वरूपही पालटले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अनेक रासायनिक कारखाने बंद पडले आणि महापे, ऐरोली, घणसोली या भागांत माहिती तंत्रज्ञान व सेवा क्षेत्रातील कंपन्यांची संकुले आली.

बेलापूर येथे कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली 'आर्टिस्ट व्हिलेज' ही कमी उंचीच्या, अंगणांभोवती रचलेल्या आणि रहिवाशांना हळूहळू वाढवता येतील अशा घरांची वसाहत वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे.

महानगरपालिका

नवी मुंबई महानगरपालिकेची स्थापना १७ डिसेंबर १९९१ च्या अधिसूचनेने झाली आणि १ जानेवारी १९९२ पासून तिचा कारभार सुरू झाला. पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. शहराचा कारभार त्यापूर्वी नियुक्त महामंडळाच्या हाती होता. या निवडणुकीने येथील रहिवाशांना प्रथमच लोकनियुक्त नगरशासन मिळाले. सिडकोने विकसित केलेली उपनगरे आणि औद्योगिक पट्टा टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या सेवाक्षेत्रात आले; शिल्लक जमिनीची मालकी मात्र सिडकोकडे राहिली. जमीन एका संस्थेची आणि नागरी सेवा दुसऱ्या संस्थेच्या, अशी ही विभागणी शहराच्या राजकारणात वारंवार वादाचा विषय ठरली.

खालापूर तालुक्यातील मोरबे धरण महापालिकेच्या मालकीचे असून ते शहराच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य आधार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ११.२ लाख होती. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली.

गावठाणांचा प्रश्न

नियोजित शहराच्या आत राहिलेली मूळ गावे हा नवी मुंबईचा वैशिष्ट्यपूर्ण आणि वादग्रस्त घटक आहे. संपादनाच्या वेळी गावठाणांची हद्द जुन्या मोजणीनुसार गोठवली गेली. कुटुंबे वाढली, परंतु गावठाणांचा नियमित विस्तार झाला नाही. त्यामुळे ग्रामस्थांनी पूर्वी स्वतःच्या मालकीच्या असलेल्या, पण कागदोपत्री सिडकोच्या झालेल्या जमिनीवर घरे बांधली. प्रशासनाच्या लेखी ती अतिक्रमणे ठरली. प्रकल्पग्रस्त त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात.

शेती गेल्यानंतर या घरांतील खोल्यांचे भाडे हे अनेक कुटुंबांचे मुख्य उत्पन्न बनले. शहरात काम करणाऱ्या अल्प उत्पन्न गटाला परवडणारा निवाराही याच गावांनी पुरवला. दुसरीकडे अरुंद गल्ल्या, दाट बांधकाम आणि परवानगीविना उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारती यांमुळे सुरक्षिततेचे गंभीर प्रश्न निर्माण झाले. ही घरे नियमित करण्याबाबत राज्य शासनाने वेळोवेळी निर्णय जाहीर केले. त्यांच्या अटी, हद्दी आणि शुल्क यांवर प्रकल्पग्रस्त संघटनांनी आक्षेप घेतले.

विमानतळ आणि नामकरणाचा वाद

एकविसाव्या शतकात भूसंपादनाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या निमित्ताने पुन्हा पुढे आला. सुमारे १,१६० हेक्टर क्षेत्रावरील या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २००७ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि २०१० मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी यांसह दहा गावांचे स्थलांतर झाले. १९७० च्या संपादनात गावठाणे वगळली गेली होती. या वेळी मात्र घरे आणि देवळांसह संपूर्ण गावे उठली. विमानतळबाधितांसाठी साडेबावीस टक्के विकसित जमिनीची योजना आणि पुनर्वसनाचे वेगळे लाभ जाहीर करण्यात आले.

विमानतळाच्या नावावरून २०२१ मध्ये मोठे आंदोलन झाले. सिडकोने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा ठराव केल्यानंतर स्थानिक भूमिपुत्रांनी दि. बा. पाटील यांच्या नावाची मागणी लावून धरली. १० जून २०२१ रोजी मानवी साखळी करण्यात आली आणि २४ जून रोजी, पाटील यांच्या स्मृतिदिनी, सिडको भवनावर मोर्चा नेण्यात आला. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दि. बा. पाटील यांचे नाव देण्याचा निर्णय घेतला आणि विधिमंडळाने तसा ठराव करून केंद्र शासनाकडे शिफारस केली. आंदोलकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ एका फलकाचा नव्हता. ज्यांच्या जमिनीवर शहर उभे राहिले त्यांची नोंद शहराने ठेवावी, अशी त्यामागील भूमिका होती. विमानतळाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

अलीकडील पायाभूत सुविधा

बेलापूर-पेंधर हा नवी मुंबई मेट्रोचा पहिला मार्ग नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. त्याच दिवशी उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. या सुविधांमुळे उलवे, द्रोणागिरी आणि उरण परिसरात जमिनीच्या किमती व बांधकामे वाढली.

पर्यावरण आणि मासेमारी

भराव, औद्योगिक सांडपाणी आणि कांदळवनांची तोड यांचा ठाणे खाडीवर परिणाम झाला. खाडीतील मासळी घटल्याने कोळीवाड्यांतील अनेक कुटुंबे पारंपरिक व्यवसायापासून दूर गेली. हिवाळ्यात येथे मोठ्या संख्येने येणाऱ्या रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांमुळे खाडीला वेगळी ओळख मिळाली. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नेरूळ व उरण परिसरातील पाणथळ जागा राखाव्यात की त्यांचा विकास करावा, यावरून पर्यावरणप्रेमी नागरिक व नियोजन प्राधिकरण यांच्यात न्यायालयीन वाद झाले आहेत. आरंभी भूसंपादनाच्या विरोधात केवळ गावकरी उभे होते. जमीन आणि पाणी यांच्या वापराविषयीच्या या नव्या वादांत शहरात नंतर आलेले रहिवासीही सहभागी झाले आहेत.